चूल घालणारीचा हात

"हातात घ्या," केळुसकरबाई म्हणाल्या. "नुसतं लांबून बघून कळायचं नाही."

मी पायजम्याला हात पुसले आणि त्यांनी काचेच्या कपाटातून काढलेली सुरई दोन्ही हातांनी धरली. वाटली होती त्यापेक्षा हलकी होती. दीड वीत उंच, एका बाजूला कान, दुसऱ्या बाजूला चिमणीच्या चोचीएवढी तोटी. पांढुरक्या अंगावर तांबड्या आणि काळ्या रेघांनी चौकटी, त्रिकोण, नागमोडी पट्टे काढलेले. वरून पिवळसर चमक. तोटीकडं ती जराशी कललेली होती, जणू कुणाचं तरी ऐकतेय.

"कुठली म्हणायची ही?" मी विचारलं.

"उत्तर आफ्रिकेतली. राणीसाहेब विलायतेहून परतताना बोट तिथल्या बंदरात थांबली होती, तेव्हा आणली. पन्नासेक वर्षं तरी झाली असतील." बाईंनी कपाटावरच्या चिठ्ठीकडं बोट दाखवलं. मातीची रंगीत सुरई. कारागीर अज्ञात. "अशी एक करून आणा. तीन आठवडे आहेत."

ही गोष्ट एकाहत्तर सालची. आमच्या मंगळगावचं संस्थान केव्हाच गेलं होतं, पण राणीसाहेबांनी जमवलेल्या वस्तूंचं संग्रहालय एका विश्वस्त मंडळानं चालू ठेवलं होतं. केळुसकरबाई तिथल्या प्रमुख. त्यांनी एक नवी टूम काढली होती. संग्रहालयाची गाडी गावोगावच्या शाळांतून फिरवायची आणि पोरांना वस्तू हाताळू द्यायच्या. खऱ्या वस्तू गाडीतून नेता येत नाहीत, म्हणून प्रतिकृती हव्या होत्या आणि त्या करायला कायमचा माणूस हवा होता. मी जातीचा कुंभार, त्यात कोल्हापूरला चित्रकलेची दोन वर्षं काढलेली. शेवटची परीक्षा दिली नव्हती, कारण आबांचे डोळे अधू झाले आणि घरचं चाक बंद पडायला आलं. ही सुरई म्हणजे माझी परीक्षा होती. जागेसाठी आणखी दोघं उमेदवार होते, दोघंही परीक्षा पास झालेले.

"हुबेहूब नको," बाई म्हणाल्या. "पण पोरानं हातात घेतली, तर दूरदेशीचं काहीतरी हातात आलंय असं त्याला वाटलं पाहिजे."

सुरई संग्रहालयाबाहेर न्यायची परवानगी नव्हती. मी तिची मापं घेतली, चारी बाजूंनी चित्रं काढली आणि घरी आलो. आठ दिवसांत चाकावर सहा सुरया काढल्या. कान वेगळे करून जोडले, तोट्या चिकटवल्या. आबांनी प्रत्येकीवरून बोटं फिरवली. "झ्याक," ते म्हणाले. "सरकारी माणसाला आनि काय पायजे?"

सहातली सगळ्यांत चांगली घेऊन मी गेलो. बाईंनी ती टेबलावर ठेवली, शेजारी खरी ठेवली आणि दोन्हींकडं आळीपाळीनं बघितलं.

"कुंभार, राग मानू नका. ही तुमची झाली. त्यांची नाही झाली."

मलाही ते दिसत होतं. माझी गोल होती, सरळ होती, तिच्यात खोट नव्हती. आणि खरीच्या शेजारी ती दुकानात मांडलेल्या भांड्यासारखी दिसत होती.

अक्का संग्रहालयात आली ती माझा डबा घेऊन.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, अंबू. माझ्याहून सात वर्षांनी मोठी. आई मी चार वर्षांचा असताना गेली, तेव्हापासून तिनंच मला वाढवलं. तिचं लग्न जतच्या पुढं एका गावात झालं होतं. नऊ वर्षांत मूल झालं नाही, म्हणून दाजींनी दुसरी केली आणि अक्काला माहेरी आणून सोडलं. तीन वर्षं ती आमच्याकडं होती. माती तुडवायची, लीद चाळायची, मडकी थापटायची, ती भाजायला आवा लावायची. चाकाला मात्र तिनं कधी हात लावला नव्हता. आमच्यात बाईनं चाकावर बसायचं नाही. का, ते कुणी विचारत नसे.

त्या दिवशी मी संग्रहालयाच्या दिवाणखान्यातल्या बाकावर, कपाटातून टेबलावर काढून ठेवलेल्या सुरईसमोर बसलो होतो. दुपारी तिथं कुणी फिरकत नसे. बाई आपल्या टेबलाशी काही लिहीत होत्या. अक्का डबा ठेवून जायला निघाली, पण पाऊल टाकायच्या ऐवजी तिथंच उभी राहिली.

"हीच व्हय रं ती?"

"हीच."

ती वाकली. हात पाठीमागं बांधून तिनं सुरईभोवती एक फेरी घातली.

"बाई, हात लावला तर चालंल का?"

केळुसकरबाईंनी मान वर केली. त्यांना ते आवडलं असावं. "लावा की."

अक्कानं सुरई उचलली नाही. तळहात नुसते तिच्या पोटाला लावले आणि हळूहळू वर नेले, जनावराच्या अंगावरून न्यावेत तसे. मग सुरईच्या तोंडातून चार बोटं आत घातली, डोळे मिटले. मग नाक जवळ नेऊन वास घेतला.

"ही चाकावची न्हवं," ती म्हणाली.

"म्हणजे?" बाई उठून आल्या.

"आतनं बगा. वळ्या हायत. मातीच्या वळ्या करून एकावर एक चढवल्यात आनि आतनं बोटानं, भायेरनं गोट्यानं सारवल्यात. आमी कणगी लिंपतो की, तशी. चूल घालतो तशी." अक्का बोलता बोलता माझ्याकडं वळली. "सिदा, ही बाईमाणसानं केल्याली हाय. चूल घालणारीचा हात हाय हा. मांडीवर घिऊन बसली हुती ती. हितं बग, कानाखाली अंगठा रुतलाय. उजव्या हाताचा. डाव्यानं आतनं आधार दिला. तोटीकडं कलली, कारन तोटी लावताना माती अजून वली हुती. घाई हुती तिला. कुनीतरी हाक मारली असंल, न्हाईतर पोर रडलं असंल."

मी त्या खळग्यावर अंगठा ठेवून पाहिला. माझा अंगठा त्यात मावत नव्हता.

"आनि ही चमक राळंची हाय," अक्का म्हणाली. "भांडं ऊन असताना राळ फासल्याली. अजून वास येतोय."

बाईंनी चष्मा काढला. "इतकी वर्षं माझ्या कपाटात आहे ही," त्या हळू म्हणाल्या, "आणि मला कुणी हे सांगितलं नव्हतं."

अक्का लाजली. पदर सावरत म्हणाली, "मी आपलं वाटलं ते बोलले. डबा खा रं, गार व्हतंय." आणि गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी अक्का म्हणाली तशा वळ्या करून बघू लागलो. माझे हात चाकाचे. वळी जाड-बारीक व्हायची, तिसरा थर चढवला की खालचा बसायचा. दोन दिवसांत माझी चार ढेकळं झाली. तिसऱ्या दिवशी आबा बाजाराला गेले होते आणि मी पायरीवर डोकं धरून बसलो होतो, तेव्हा अक्कानं हात धुतले आणि मातीच्या गोळ्यापाशी बसली.

"सर, बगू."

तिनं जुना परळ, मातीची पसरट थाळी, घेतला, त्यात राख भुरभुरली आणि बूड बसवलं. एका हातानं परळ फिरवत दुसऱ्यानं वळी चढवत गेली. ती काही मोजत नव्हती. माझ्या चित्रांकडं तिनं एकदाच बघितलं आणि कागद बाजूला सारला. बोलत मात्र होती, माझ्याशी नाही, मूळ सुरई करणाऱ्या त्या बाईशी.

"हितं काय केलंस ग बाई तू? हां, हितं दाबलंस."

आबा परतले तेव्हा सुरईचं पोट पूर्ण होऊन मान वर येत होती. त्यांना नीट दिसत नसे, पण आवाजावरून कळलं.

"चाकाला हात लावला न्हाई न्हवं?" त्यांनी मला विचारलं.

"नाही आबा. परळात करतीय."

त्यांनी चाकावरून हात फिरवून पाहिला. "मग करू दे," म्हणाले, आणि आत गेले.

सावलीत आठ दिवस सुकली. शाडूचा हात दिला. तांबड्याला गेरू होता. काळ्यासाठी अक्कानं बाभळीच्या शेंगा गंजक्या लोखंडाबरोबर उकळल्या. रेघा तिनं बकरीच्या केसांच्या कुंचल्यानं काढल्या, सरळ आखायचा प्रयत्न न करता. चौकट चुकली तर चुकली, पुढची तिच्याशी जुळवून घ्यायची. शेण्यांत भाजून काढल्याबरोबर चिमट्यानं धरून राळ फासली, तेव्हा सगळं अंगण त्या वासानं भरलं. अक्का लांब सरकून बसली आणि सुरईकडं बघत राहिली. मी तिला इतकं स्वस्थ बसलेलं कधी पाहिलं नव्हतं.

त्याच दिवशी जतकडचा एक पाहुणा निरोप घेऊन आला होता. दाजींची दुसरी बायको वारली होती. मागं दोन वर्षांची मुलगी. दाजी अंबूला परत न्यायला तयार होते.

"तयार हायत म्हनं," अक्का चुलीपाशी म्हणाली.

आबांनी मला बाहेर बोलावलं. "बग सिदा. मी आज हाय, उद्या न्हाई. तुजं लगीन व्हायचंय. तुजी बायकू हिला ठिवून घील का? आपल्या घरी नांदंल, तिचं तिला घर व्हईल." मग आवाज खाली आणून म्हणाले, "आनि ती सुरई. तू केली म्हनून सांगायचं. बाईनं केली म्हटलं तर तुला कशाला घेतील?"

मला ते आधीच सुचलेलं होतं.

सुरई फडक्यात गुंडाळून मी नेली, तेव्हा अक्का माझ्याबरोबर आली. टांग्याच्या हादऱ्यात सुरईला काही होऊ नये म्हणून सबंध वाट तिनं ती पोटाशी धरली होती.

बाईंनी दोन्ही सुरया शेजारी ठेवल्या. त्या दिवशी विश्वस्तांपैकी एक, निवृत्त मामलेदार, तिथं आले होते. त्यांनी एक उचलली, खाली ठेवली, दुसरी उचलली.

"यातली खरी कुठली?" त्यांनी विचारलं.

"जी तुमच्या हातात नाही ती," बाई म्हणाल्या. त्या हसत होत्या. मग त्यांनी अक्काच्या सुरईत बोटं घातली, जशी अक्कानं घातली होती, आणि त्यांचं हसू थांबलं. त्यांनी कानाखालच्या खळग्यावर अंगठा ठेवला. तो नीट बसला.

"कुंभार," त्या म्हणाल्या, "ही तुम्हीच केलीत?"

"हो."

"सगळी?"

"हो बाई. मीच केली. बहिणीनं माती मळून दिली."

बाई अक्काकडं वळल्या. "अंबूबाई, तुम्ही सांगा. कुणी केली ही?"

अक्का दाराशी उभी होती. तिनं आधी माझ्याकडं बघितलं. मी खिडकीबाहेर बघत होतो, पण तिनं बघितलं ते मला कळलं.

"आमच्यात बायका चाकाव बसत न्हाईत, बाई," ती म्हणाली.

यात खोटं काहीच नव्हतं. बाईंनी खळग्यावरचा अंगठा काढला. मामलेदार म्हणाले, "उत्तम. पोरगा हुशार आहे. नेमून टाका." आणि ते काम तिथंच संपलं.

परतताना टांग्यात अक्का म्हणाली, "आता तुजं चांगलं हुईल." थोड्या वेळानं म्हणाली, "तिला काय म्हनत असतील रं? ती पयली केलेली बाई. तिचं नाव काय आसंल?"

"काय की," मी म्हणालो.

पंधरा दिवसांनी दाजी आले आणि अक्काला घेऊन गेले.

मी नोकरीला लागलो. संग्रहालयाच्या आवारात दोन खोल्या मिळाल्या. पुढच्या वर्षी माझं लग्न झालं. अक्का गेल्यानंतरच्या पहिल्या नागपंचमीला आबांनी मला पाठवून अक्काला माहेरपणाला आणलं होतं. ती चार दिवस राहिली, वाळली होती, पण दाजींच्या पोरीबद्दल, चंद्रीबद्दल, खूप बोलली. त्र्याहत्तरला आबा गेले तेव्हा आली आणि तेराव्याला परत गेली. त्यानंतर दोन पंचम्या मी गेलो नाही. एका वर्षी बायको बाळंत व्हायची होती. एका वर्षी गाडीचा दौरा होता. दोन्ही कारणं खरी होती.

अक्काची सुरई चार वर्षं शाळाशाळांतून फिरली. हजारो पोरांनी ती हाताळली असेल. गाडीतल्या पाटीवर लिहिलेलं असायचं: प्रतिकृती, सि. आ. कुंभार. मी पाटीकडं बघायचं टाळायला शिकलो. पंचाहत्तरच्या चैत्रात एका शाळेत दोन मुलींच्या ओढाओढीत ती पडली. गाडीवाल्यानं तुकडे टोपलीतून आणले.

"होणारच होतं," बाई म्हणाल्या. "त्यासाठीच केली होती. दुसरी करा."

मी महिनाभर करत राहिलो. वळ्यांच्या केल्या, परळात केल्या. बाई प्रत्येक वेळी म्हणाल्या, "पहिली जमली होती तुम्हाला." शेवटी वैशाखात, एका सकाळी, मी जतची एस.टी. पकडली.

दाजींनी चाक सोडून वीटभट्टी घातली होती. फाट्यापासून भट्टी दिसते. उन्हात दहाबारा माणसं कच्च्या विटा वाहत होती. मी ओढा उतरत असताना त्यांतली एक बाई थांबली, डोळ्यांवर आडवा हात धरला आणि डोक्यावरची पाटी खाली ठेवून लगबगीनं झोपडीकडं गेली. अक्काच होती. मला वाटलं, चहा टाकायला गेली असेल.

मी दारापाशी पोचलो तर ती आतून बाहेर येत होती. तोंड धुतलेलं, कुंकू नव्यानं लावलेलं, अंगावर धुवट लुगडं. काखेत बोचकं आणि दुसऱ्या हाताशी सहा वर्षांची चंद्री.

"ह्यांना सांगितलंय मी," ती घाईघाईनं म्हणाली. "आट दीस ऱ्हाते म्हटलंय. चंद्रीला आनते संगट, ती काय तरास दीत न्हाई. चार वाजता गाडी हाय न्हवं?"

मी तिच्याकडं बघत राहिलो. तिची हाडं दिसत होती.

"अक्का," मी म्हणालो, "मी सुरईचं विचारायला आलोय."

तिनं चंद्रीचा हात सोडला.

"सुरई?"

"ती फुटली. दुसरी करायचीय. मला जमत नाही."

"आस्सं," ती म्हणाली. मग बोचकं घेऊन आत गेली. परत आली तेव्हा हात मोकळे होते. "मला वाटलं, न्यायला आलास," ती म्हणाली, आणि हसली, जणू तिनंच काही वेडेपणा केला होता. "बस. पानी पी. उनाचं आलायस."

मी तेव्हाच म्हणायला हवं होतं, चल. खोल्या दोनच होत्या, तान्हं मूल होतं, बायको काय म्हणेल हे मी डोक्यात मांडत होतो, आणि तेवढ्यात ती वेळ निघून गेली.

"करून देशील?" मी विचारलं.

तिनं उजवा हात पुढं केला. मधली दोन बोटं वाकडी होऊन तशीच राहिली होती. आदल्या वर्षी विटांचा थर तिच्या हातावर कोसळला होता. बाकीच्या बोटांची टोकं झिजून गुळगुळीत झाली होती. "ह्या बोटांनी काय वळी व्हनार? पर तू कर, मी सांगते."

झोपडीमागं विटांच्या मातीचा खड्डा होता. तिथं बाभळीच्या सावलीत आम्ही बसलो, आणि दुपार कलेपर्यंत तिनं मला शिकवलं. चंद्री मांडीवर झोपली होती.

"वळी दाबू नगंस. बसव. खालची तिला घील वर."

"खालची दबून बसते, अक्का. प्रत्येक वेळी बसते."

"कारन तू वरनं बगतोस. डोळं मीट. आतलं बोट काय सांगतंय बग." मग म्हणाली, "तुला ती चांगली करायची आसती, म्हनून जमत न्हाई. त्या बाईला चांगली करायची नव्हती रं. तिला पानी भरायचं हुतं."

उठायच्या वेळी माझ्यासमोर एक ओबडधोबड सुरई उभी होती, आणि ती बसली नव्हती. ओली माती गाडीतून नेता येत नाही. मी ती तिथंच मोडली.

अक्का ओढ्यापर्यंत पोचवायला आली. "पंचमीला येतो न्यायला," मी म्हणालो. "नक्की."

"ये," ती म्हणाली. "पर काम आसलं तर नगं येऊस. नोकरी हाय."

घरी येऊन मी तिनं सांगितलं तशी सुरई केली, भाजली, राळ फासली. केळुसकरबाईंनी ती हातात घेऊन आत बोटं फिरवली.

"ही चालेल," त्या म्हणाल्या. "ही तुमची आहे, आणि तरी तिच्या जवळ गेलीय." त्यांनी ती खाली ठेवली. "पहिली मात्र तुमची नव्हती."

चार वर्षांपूर्वीसारखी मी या वेळीही खिडकी शोधली. मग म्हणालो, "नाही. अक्कानं केली होती."

बाई रागावतील, काढून टाकतील, असं मला वाटलं होतं. त्यांनी सुरई हलकेच बाजूला सारली.

"मी त्या दिवशी दोनदा विचारलं," त्या म्हणाल्या. "कुंभार, जागा एकच नव्हती. गाडीबरोबर पोरांना शिकवायला एक बाई हवी होती मला. सहा महिने शोधत होते. तुमच्या बहिणीला बोटं आत घालून बोलताना ऐकलं आणि मनात पक्कं केलं होतं. तिनं ‘मी केली’ म्हटलं असतं, तर दोघांनाही घेतलं असतं."

मी सुरईच्या फडक्याची घडी घालू लागलो.

"कुठं आहे ती आता?"

मी सांगितलं. हाताचंही सांगितलं.

"शिकवायला जीभ लागते," बाई म्हणाल्या. "तिला घेऊन या. मंडळाचं मी बघते."

मंडळाची मंजुरी यायला आषाढ उजाडला. शाळांतल्या मुलींना मातीकाम शिकवण्यासाठी श्रीमती अंबूबाई कुंभार यांची नेमणूक, राहायला आवारातली एक खोली, असं पत्र बाईंनी स्वतः लिहिलं. त्याखाली मी माझ्या हातानं लिहिलं: अक्का, पंचमीच्या आदल्या दिवशी येतो. चंद्रीलाही घेऊन जाऊ. ही खोली तुझी आहे, माझी नाही. पत्र टाकलं. उत्तर आलं नाही, पण तिला लिहिता कुठं येत होतं.

पंचमीच्या आदल्या दिवशी मी फाट्यावर उतरलो. पावसाळ्यात भट्टी बंद असते. ओढ्याला पाणी होतं, म्हणून लांबच्या वाटेनं गेलो. झोपडीच्या दारात दाजी बसले होते. त्यांचं डोकं भादरलेलं होतं.

मला बघून ते उठले नाहीत. "मानूस धाडला हुता," ते म्हणाले. "पुलावर पानी, म्हनून फाट्यावनंच माघारी आला."

अक्का जाऊन नऊ दिवस झाले होते. कावीळ. आधी अंगात कणकण, मग डोळे पिवळे, गावातल्या वैदूचा झाडपाला, आणि जतच्या दवाखान्यात नेईपर्यंत उशीर झालेला.

मी तिथंच जोत्यावर बसलो. मी विचारलं, पत्र पोचलं होतं का.

"पोचलं की. पोस्टमननं वाचून दावलं. दोनदा वाचायला लावलं तिनं." दाजींनी जमिनीकडं बघत सांगितलं. ते वाईट माणूस नव्हते. "समद्या गावाला सांगून आली. म्हनायची, मी आता मास्तरीन व्हनार. पोरींना मातीचं शिकवनार. मला म्हनली, तुमी भट्टी बगा, सनाला येत जाईन मी. मी बी जा म्हनलो."

चंद्री दाराच्या चौकटीला धरून उभी होती. ती माझ्याकडं बघत नव्हती, माझ्यामागच्या वाटेकडं बघत होती.

"शेवटाला तिला दिसाचं ध्यान ऱ्हायलं न्हाई," दाजी म्हणाले. "सारखी इच्यारायची, पंचमी कवा हाय? आजून लई दीस हुते. पर काय सांगायचं तिला? मी म्हनायचो, उद्या. परत इच्यारलं की परत म्हनायचो, उद्या हाय, झोप आता."